अंगठ्याएवढी फिकट जागा

खऱ्या चुकीला एकच कारण असतं. बनावट चुकीला दहा असतात, आणि ती दहाही जरा जास्तच पटतात.

सत्तावीस वर्षांच्या धंद्यात मी एवढंच शिकले, आणि एवढ्यावर माझं बरं चाललं. छापताना चुकलेल्या नोटा लोक माझ्याकडे आणतात आणि ती चूक खरी की बनावट हे मी सांगते. नोट बहुतेक वेळा खरीच असते, प्रश्न तिच्या चुकीचा असतो. नंबर छापायचाच राहून गेलेली नोट. कोपरा दुमडलेला असतानाच छपाईखालून गेलेली आणि उलगडल्यावर कोरी शेपटी फुटलेली नोट. शेजारणीची उलटी सावली अंगावर घेऊन आलेली नोट. अशा नोटांचे शौकीन असतात. कागदी नोटा चलनातून गेल्या तसे ते वाढले. माणूस गेल्यावरच त्याच्या खोडी आठवून हसू येतं, त्यातलाच प्रकार.

शौकीन आले तसे त्यांना फसवणारेही आले. कोणी नंबर पुसून आणतं. नखांचा रंग काढायच्या औषधाचा वास नोटेला महिनाभर सोडत नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि मीही सांगत नाही. कोणी खळ लावून शेपटी चिकटवतं आणि वरून इस्त्री फिरवतं. इस्त्री इतकी छान असते की त्यावरूनच कळतं. छापखान्यात कोणाला एवढा वेळ असतो?

हे मला कोणी शिकवलेलं नाही. नागपूरला इतवारीत जुन्या नाण्यांच्या एका दुकानात मी पाकिटं बनवायला होते. मालक जेवून लवंडले की त्यांचं भिंग मोकळं असायचं. बाकी सगळं त्या भिंगाने शिकवलं. नोटा एकेकट्या छापत नाहीत, मोठ्या तावावर छापतात. तो ताव आधी पातळ रंगांखालून जातो आणि वाळतो. मग त्यावर जाड शाई बसते, बोटाला खरखर लागते ती. मग नंबर, मग कापणी. खरी चूक या रांगेत कुठेतरी एका जागी घडते. त्याच्या आधीचं सगळं शहाणं असतं आणि नंतरचं सगळं त्या एकाच कारणाने बिघडलेलं असतं. बनावट चूक करणारा घाईत रांग विसरतो. नंतरची गोष्ट आधी करून बसतो.

पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचा निहार आपटे नावाचा मुलगा माझ्याकडे आला. मुलगा म्हणजे तिशीचा, पण माझ्या वयाला आता सगळे मुलगेच दिसतात. त्याने ‘मागोवा’ नावाचं यंत्र टेबलावर ठेवलं. तांदळाच्या डब्याएवढं, करड्या रंगाचं.

“मॅडम, तुम्ही जे बघता ते याला सांगत जा. बस.”

मी सांगत गेले. अकरा हजार नोटांचे निकाल, कारणांसकट. ते निमूट ऐकायचं. एवढं मन लावून माझं कोणी ऐकल्याचं मला लग्नातही आठवत नाही. हळूहळू ते माझ्यासारखं बोलायला लागलं. एकदा पडद्यावर लिहून आलं, ‘कारण जास्त पटतं आहे, म्हणून शंका.’ मी खूप हसले. नंतर जेवताना मला ते आठवलं आणि तेवढं हसू आलं नाही.

मागोवाची डोळ्यांवर भिस्त नाही. ते नोटेवर लहरींचा एक ठोका सोडतं. विहिरीत हाक मारली की कठड्यावरून ती लवकर परतते, पाण्यावरून उशिरा. तसं शाईचा प्रत्येक थर त्या ठोक्यातला आपला वाटा आपल्या वेळेला परत पाठवतो. त्या वेळांवरून कोणता थर आधी बसला, कोणता नंतर, आणि दोघांच्या मध्ये काय अडकून राहिलं ते कळतं. भिंगाने मला जे वीस मिनिटांत दिसायचं ते याला डोळ्यांची उघडझाप व्हायच्या आत.

गेल्या महिन्यात निहारने त्यात एक नवा भाग बसवला.

“जाड शाई तेलकट असते ना मॅडम, तिच्याखाली जे सापडतं ते मुरलेल्या लोणच्यातल्या फोडीसारखं टिकतं. घाम, लाळ, काहीही. त्यातली प्रथिनं आता वाचता येतात. आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी.”

“वाचून काय करणार?”

“जुळवणार. आरोग्यपत्रासाठी सगळ्यांनीच गालाच्या आतून कापूस फिरवून दिलाय की.” तो एक बटण दाखवत म्हणाला, “आधी तुम्ही निकाल द्यायचा. ‘बनावट’ म्हणालात तर नोट पोलिसांच्या पाकिटात, विषय संपला. ‘खरी’ म्हणालात तर यंत्र पुढे ‘कोणाची’ ते शोधणार.”

“कोणाची म्हणजे?”

“चूक कोणाची.”

“अरे, छपाईची.”

“छपाई म्हणजे शेवटी कोणीतरी माणूसच ना, मॅडम.” तो हे इतक्या गोडीने म्हणाला की मी त्याला आणखी एक चकली दिली.

सापडलेलं नाव जातं ‘दायित्व नोंदी’त. सहा वर्षांपूर्वी तो कायदा झाला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पोटात कात्री विसरलेला डॉक्टर सापडला. पुलाचे बोल्ट न आवळणारा सापडला. बरंच वाटलं. मग सापडण्यासारखी मोठी माणसं संपली, आणि यंत्रं तर रिकामी बसत नाहीत. नोंदीत दोनच रकाने आहेत, हलगर्जी आणि हेतुपुरस्सर. हलगर्जीत नाव आलं की जिथे दुसऱ्याचा जीव हाती असतो अशी कामं बंद. गाडी चालवणं, औषधं देणं, आजाऱ्याची किंवा लेकरांची राखण. हेतुपुरस्सरमध्ये आलं की पोलीस येतात.

मंगळवारी सकाळी किशोर लुणावत आले. इतवारीतले किराण्याचे व्यापारी, वजनदार माणूस, सगळ्या अर्थांनी. नोटांचं वेड त्यांना बायकोच्या वैतागापुरतं आहे असं तेच सांगतात.

“प्रणालीताई, आज नोट नाही आणली. नवरी आणली. पदर सांभाळून घ्या.”

शंभराची नोट होती. आपल्या पवनीच्या छापखान्याची. वैनगंगेकाठी तो छापखाना निघाला, बारा वर्षं चालला आणि नोटाच बंद झाल्यावर बंद पडला. नोटेच्या उजव्या अंगाला, जाड शाईत, अंगठ्याएवढी एक फिकट जागा होती. ओलाव्याचे असे ठिपके मी पुष्कळ पाहिले होते. मोहरीएवढे, डाळीएवढे. कागद ओला असला की तेलकट शाई धरत नाही. अगदी साधी चूक, शौकीन तिला फारसं विचारत नाहीत. पण इथे अख्खा अंगठा होता, रेघांसकट.

“आहे का असं कोणाकडे?” लुणावत खुर्चीतून पुढे झुकले. खुर्ची करकरली. “अख्ख्या भारतात नाही. तुम्ही फक्त ‘खरी’ म्हणा, की बायकोला मी तोंड दाखवायला मोकळा.”

मी नोट मागोवात ठेवली. पडद्यावर थर उलगडले. पातळ रंग अखंड. त्यावर लाळ. लाळेवर जाड शाई, जेमतेम चिकटलेली. एक जागा, एक क्षण, एकच कारण. याहून खरी चूक मी सत्तावीस वर्षांत पाहिली नव्हती.

मग मी अंगठा मोठा करून पाहिला. रेघांना मधोमध तिरकं छेदत एक व्रण गेला होता. खालच्या टोकाला त्याला दोन फाटे फुटले होते.

तो व्रण हातमागाच्या फणीचा आहे. मला माहीत आहे, कारण मी सहा वर्षांची असताना, आई गेल्यावर, तोच अंगठा माझं नाक पुसायचा. शाळेच्या फाटकाशी त्याला धरून मी रडायचे तेव्हा तो व्रण माझ्या तळहाताला लागायचा. बेबीनंदा पराते, माझी बेबीमावशी. पवनीच्या कोष्ट्यांच्या घरातली. छापखाना निघाला तेव्हा त्यांना ताव तपासायला तिथल्या विणकर बायकाच हव्या होत्या. शंभर धाग्यांत तुटलेला एक धागा ज्यांना अंधारातही सापडतो, त्यांच्या डोळ्यांतून काय सुटणार? मावशी बारा वर्षं दुसऱ्या, जाड शाईच्या यंत्राच्या तोंडाशी उभी राहून ताव तपासत होती.

आता ती घरात पाळणाघर चालवते. नऊ लेकरं. परवाना भिंतीवर चौकटीत लावलाय, देवाच्या शेजारी, आणि देवापेक्षा जास्त पुसलेला असतो. तिला स्वतःचं मूल नाही. एवढं सांगितलं म्हणजे त्या नऊ लेकरांबद्दल सगळं सांगून झालं.

पडद्यावर दोन शब्द लुकलुकत होते. ‘खरी’ म्हटलं की पुढच्या मिनिटाला तिचं नाव.

“काय ताई, प्रेमात पडलात की काय नवरीच्या?”

मी ‘बनावट’ दाबलं.

मागोवाने कारण विचारलं. मी लिहिलं की जाड शाईचा थर नंतर उचलून, बारीक सुईने खाली लाळ सोडून, थर परत बसवला आहे. त्याने विचारलं, खात्री किती? मी लिहिलं, पूर्ण. त्याने वाद घातला नाही. माझ्यावर विश्वास ठेवायला मीच त्याला शिकवलं होतं.

लुणावतांना आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “बनावट? ताई, नीट बघा हो. तुम्ही तर चष्मासुद्धा पुसला नाही आज.”

“बघितलं.”

“तुम्ही म्हणता म्हणजे असेल.” ते उठले. एवढा मोठा माणूस दारातून जाताना बारीक दिसला. अकरा हजार निकालांत मी पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि तेही ज्याने चष्म्यापर्यंत लक्ष ठेवलं त्याच्याशी.

दोन दिवस बरे गेले. इतके बरे की गुरुवारी दुकान बंद ठेवून मी उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने पवनीला निघाले. मावशीला सांगायचं होतं की तू वाचलीस. आपण कोणाला वाचवलं हे त्याला सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, हा माझा जुनाच दोष.

“आली का माय? चपला तिकडं काढ, इकडं लेकरं रांगतात.” मावशी ओसरीवर बसून एका बाळाला मांडीवर घेऊन वाटीतली पेज भरवत होती. दुसरं तिच्या पाठीला धरून उभं राहायचा सराव करत होतं. “वाळली कायले एवढी? नागपुरात जेवण मिळत नाही का?”

“वजन वाढलंय माझं, मावशी.”

“मंग तोंड वाळलं.”

मी तिला सगळं सांगितलं. नोट, थर, लाळ, तिच्या अंगठ्याचा व्रण, नोंद, परवाना. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. बाळाचं तोंड पुसलं, वाटी बाजूला सरकवली आणि मग हसायला लागली.

“अन् त्या थुंकीच्या नोटेले लोक पैसे देतात? अरे देवा! आधी सांगितलं असतं तं घरीच छापल्या असत्या.”

“हसू नको. तू खरंच लावायचीस का थुंकी?”

“हाव ना.” तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. “पाह्य, कधीकधी तावावर तूस उभं राहायचं. कापसाचाच कागद तो. नियम असा होता, तूस दिसलं का ताव फेका. एका तुसासाठी अख्खा ताव? माह्या जिवाले नाही पटलं ते. मागावर धागा तुटला तं आपण कापड फेकतो का? अंगठा जिभेले लावायचा, तूस दाबायचं, बसून जाते. हात आपोआपच जाये. साहेबाले कधी दिसलं नाही.”

“म्हणजे तू दुरुस्त करत होतीस.”

“मंग काय बिघडवत होती?”

मला इतकं हलकं वाटलं की मी पाठीवरचं बाळ उचलून घेतलं. “असो. एक नोट होती, गेली पोलिसांच्या पाकिटात. मिटलं.”

“एक?” मावशी म्हणाली. “एक कशी? मी तं रोज करे.”

“रोज?”

“बारा वर्षं. दिवसाचे आठ-दहा ताव तं असतीलच. पुष्कळदा नुसतं बोटाचं टोक लागे, कधी घाईत पूर्ण अंगठा.”

मोहरीएवढे ठिपके. डाळीएवढे. मी स्वतः तपासून ‘खरी, कारण ओलावा’ असं लिहिलेल्या कितीतरी नोटा. तेव्हा मागोवाला लाळ वाचता येत नव्हती, पण त्याने सगळ्यांचे थर जपून ठेवलेले होते. आणि मी मंगळवारी त्याला शिकवलं होतं की शाईखाली लाळ म्हणजे बनावट.

माझ्या कडेवरच्या बाळाने माझा चष्मा ओढला. त्याच वेळी फोन वाजला. निहार होता, आणि तो आनंदाने धापा टाकत होता.

“मॅडम, कमाल केलीत! तुमच्या त्या निकालानंतर मागोवाने सगळ्या जुन्या नोटा परत चाळल्या. आपल्याकडच्या, दिल्लीच्या, बाहेरच्या संग्राहकांच्या. तीनशे बारा सापडल्या. सगळ्या बनावट, आणि सगळ्या एकाच हाताच्या!”

“निहार, बनावट म्हटल्यावर नाव शोधत नाही म्हणाला होतास.”

“एका नोटेचं नाही शोधत. पण एकाच पद्धतीच्या दहाहून जास्त झाल्या की ती टोळी धरतात ना. मग कारागीर शोधायलाच लागतो. सापडली पण! सदुसष्ट वर्षांची बाई आहे, विश्वास बसेल? छापखान्यातलीच. शाईचा थर उचलून परत बसवते, म्हणजे हात काय असेल बघा. सहा वाजता यादी आपोआप पोलिसांकडे जाईल. तुमचं नाव पहिल्या साक्षीदार म्हणून टाकलंय. अभिनंदन!”

ओसरीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

मी काय केलं होतं ते मला आता सरळ दिसलं. चुकीला फक्त कारण लागतं. बनावट म्हटलं की तिला करणारा लागतो, आणि लाळ तर तिथे आधीपासूनच नाव घेऊन बसलेली होती. हयगय म्हणून जे निभावलं असतं त्याला मी गुन्हा करून टाकलं होतं. धंद्यात ज्याला मी रोज हसायचे तेच मी केलं होतं. नंतरची गोष्ट आधी करून बसले होते.

“थोड्या वेळात फोन करते,” म्हणून मी फोन ठेवला आणि मावशीला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून हसू गेलं नाही, फक्त तिथेच वाळलं.

“म्हंजे आता मी चोट्टी?”

“मी निकाल मागे घेऊ शकते. खरं सांगू शकते. मग तू चोर नाहीस. पण मग तू हलगर्जी.”

“हलगर्जीत लेकरं जातात.”

“हो.”

“अन् चोट्टी झाली तं मीच जाईन.” तिने मांडीवरच्या बाळाला उगाच थोपटलं. ते झोपलेलंच होतं. “हलगर्जी म्हंजे ध्यान नव्हतं, असं नं? ध्यान नसतं तं तूस दिसलं असतं का मले? जोडायले गेली होती हे कुठं लिहितात?”

“तसा रकाना नाही, मावशी.”

“तू शिकवलं नं त्या डब्याले? एवढं शिकवलं, अन् हे राहिलंच का गं?”

तिने हे रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने शाळेतून आल्यावर डबा का नाही संपवलास असं विचारावं तसं विचारलं.

दारातून एक-एक आई यायला लागली होती. मावशी प्रत्येकीला लेकरू देताना दिवसभराचा अहवाल देत होती. हिने दोनदा पेज खाल्ली, याला थोडी सर्दी वाटते, वाफ दे. साडेपाच वाजले. तिने एक पिशवी बांधता बांधता माझ्याकडे न पाहता म्हटलं, “लाव फोन. चोट्टी नको. माह्या मायबापाचं घर हाये हे.”

मी निहारला फोन लावला. “मंगळवारचा निकाल खोटा आहे. ती नोट खरी आहे. तीनशे बाराही खऱ्या.”

त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, तुम्ही थकला असाल. चूक झाली म्हणा ना. मी सांभाळून घेतो. तुमची अकरा हजार निकालांची शिकवण आहे त्याच्यात. तुम्ही खोटं बोललात असं म्हणालात तर मागोवा सगळं उकरून बघणार.”

“चूक म्हटलं तर ते माझ्या चुकीचं कारण शोधेल, निहार. आणि एकच सापडेल. ती सदुसष्ट वर्षांची बाई माझी मावशी आहे.”

“अरे बापरे.” पहिल्यांदाच तो मला खरंच मुलगा वाटला. “मग तुमचं नाव... मॅडम, तुमचं नाव हेतुपुरस्सरमध्ये जाईल.”

“लिही.”

“आणि त्यांचं हलगर्जीत. लगेच. माझ्या हातात नाही ते. सगळ्या पालकांना सूचना जाते.”

“माहीत आहे.”

मागे कळा दाबल्याचा आवाज आला. एकदा. मग थोडा थांबून, दुसऱ्यांदा.

मावशीने परवान्याची चौकट भिंतीवरून काढली नाही. ती तशीच शेवटच्या बाळाजवळ बसून राहिली. शेवटचं बाळ इरा, आठ महिन्यांची. तिची आई आरोही नदीपलीकडच्या दवाखान्यात काम करते आणि रोज सगळ्यात उशिरा येते. आली की आधी ओसरीवर पाय पसरते, मावशीच्या हातचा चहा घेते, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नकला करते आणि अंधार पडायला लागला की जाते. मावशीने सवयीने आधण ठेवलं होतं.

आरोही आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली. तिने मला पाहिलं, मावशीला पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

“ये ना, बस. चहा होतेच आहे,” मावशी म्हणाली.

“नको मावशी. आज घाई आहे.”

तिने इराला उचललं. खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, हसलीसुद्धा. जायला वळली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मावशी ओसरीच्या कडेला उभी होती. आरोहीने आमच्याकडे पाठ करून, खालच्या पायरीवर बसून बाळाला मांडीवर घेतलं, मानेच्या घड्या उघडून पाहिल्या, टाळूवर बोट ठेवलं, दोन्ही दंड दाबून पाहिले. इरा खिदळत होती. मग तिने डाव्या पायातला मोजा काढला आणि बोटं मोजली.

पाची होती.

तिने दुसरा मोजा काढायला घेतला.